अण्णांचा उजवा पाय

“तुझ्या कॉम्प्युटरला विचार की,” अण्णा म्हणाले, “त्याच्या पोटात दुखतंय का?”

गुरुवारची दुपार होती. उचगावच्या माळावरच्या रिकाम्या रस्त्यावर आमच्या तांबडीनं नुकताच सलग सहावा आचका दिला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टिअरिंगवर होते. मी शेजारच्या सीटवर, लॅपटॉप मांडीवर. मागे रज्जाकचाचा दोन्ही हातांनी छताखालचा लोखंडी दांडा धरून बसले होते आणि प्रत्येक आचक्याला “या अल्ला” म्हणत होते. सहाव्याला ते काहीच म्हणाले नाहीत, कारण तोंडातली तंबाखू कुठं गेली ते शोधत होते.

“परत सोडा,” मी म्हटलं.

“परत सोडून काय वेगळं होणाराय?”

“दोन आकडे वाढवलेत.”

“ऐकलंस का रज्जाक? आकडे वाढवलेत.”

अण्णांनी पहिला गिअर टाकला आणि सोडली. तांबडी दोन हात पुढं झेपावली, खोकली, मटकन खाली बसली आणि मग काहीतरी आठवल्यासारखी पळाली. सातवा.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. तांबडी म्हणजे वीस वर्षांची लाल हॅचबॅक. कोल्हापुरात उद्यमनगरला अण्णांचं गॅरेज होतं, रज्जाकचाचा तिथले पहिल्या दिवसापासूनचे मिस्त्री. वर्षातून एकदा कागलच्या पलीकडच्या माळावर ऑटोक्रॉस व्हायची. मातीवर चुन्यानं आखलेला वाकडातिकडा रस्ता, एका वेळी एकच गाडी आणि घड्याळ. तिथं अण्णा एकोणीस वर्षं गाडी पळवत आले होते. त्या वर्षी मी इंजिनिअर होऊन घरी आले, अण्णांच्या हातापाया पडून तांबडीचा कार्बोरेटर काढला आणि तिला इंजेक्टर आणि कॉम्प्युटर बसवला. काढलेला कार्बोरेटर अण्णांनी पिवळ्या फडक्यात गुंडाळून गॅरेजच्या देव्हाऱ्याखाली ठेवला. हार घातला नाही एवढंच.

एकदा पळायला लागली की तांबडी अशी पळायची की अण्णांनाही हसू फुटायचं. अडचण फक्त सुटण्याची होती. पेडल झटक्यात दाबलं की इंजिनात हवा आधी धावत जाते. पेट्रोल मागून येतं, त्यातलंही थोडं नळीच्या आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं. पानात भात पडलाय आणि आमटीवाला अजून पंगतीच्या दुसऱ्या टोकाला आहे, तशी अवस्था. म्हणून पेडल दाबताक्षणी इंजिनाला पेट्रोलचा एक जादा घोट द्यावा लागतो, अर्ध्या सेकंदापुरता. कार्बोरेटरमध्ये हे काम एक छोटा पंप करायचा. पेडल दाबलं की पिचकारी. माझ्या कॉम्प्युटरमध्ये पंपाच्या जागी तक्ता होता. पाय किती झटक्यात पडला तर किती घोट द्यायचा आणि किती वेळ, असे चौकोनाचौकोनांत भरलेले आकडे. ते आकडे बरोबर बसवायचे एवढंच माझं काम होतं, आणि चार दिवस ते मला जमत नव्हतं.

सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे मी स्वतः सोडली की तांबडी लोण्यासारखी सुटायची. चाचांनी सोडली की बरी सुटायची. अण्णा बसले की आचका.

सातव्या आचक्यानंतर अण्णा गाडीतून उतरले, रुमालानं मान पुसली आणि माझ्या खिडकीशी आले.

“सोमवारी तुला पुण्यात हजर व्हायचं न्हवं?”

“मी कधी हो म्हटलंय?”

“पत्र आलंय की कंपनीचं. तुझी आई गल्लीभर सांगून आली.”

“मला इथं राहायचंय, अण्णा. गॅरेजवर.”

“इथं राहून काय करणार? आकडे वाढवणार?” त्यांनी बॉनेटवर थाप मारली. “बघ, मी शब्दाचा माणूस हाय. रविवारी ही रेषेवरनं आचका न देता सुटली, तर तू इथं. पाटीवर माझ्या नावाखाली तुझं नाव. आचकली, तर दुपारची चारची बस. आणि सोमवारी मी कार्बोरेटर परत बसवणार.”

“चाचा, साक्षीला राहा,” मी म्हटलं.

“मी तंबाखू गिळलीय बेटा,” मागून चाचा म्हणाले. “मला कशातच ओढू नका.”

मला पुण्याला जायचं नव्हतं. तिथं मला टेबल, खुर्ची आणि गळ्यात अडकवायचं कार्ड मिळणार होतं, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्यासाठी नवस बोलत होती. मला तांबडीच्या शेजारच्या सीटवर बसून आकडे बदलायचे होते, आज, उद्या आणि जन्मभर. एक आकडा बदलावा आणि सबंध गाडीचा स्वभाव बदलावा, ह्याच्यासारखी मजा मला आजवर कशात आली नव्हती. हे बाहेर कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी नवा सिद्धांत मांडला. मी बावन्न किलोची. चाचा साठाचे. अण्णा ब्याण्णव.

“वजन!” मी चाचांना म्हटलं. “जड माणूस बसला की इंजिनावर ताण येतो, मग जादा घोट कमी पडतो.”

चाचांनी डोकं खाजवलं. “ब्याण्णव किलोनं इंजिन मरत असतं तर आपल्या गावात गाड्या चालल्याच नसत्या.”

पण माझ्या अंगात आलं होतं. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून वाळूची दोन छोटी पोती आणली आणि शेजारच्या सीटवर बेल्ट लावून बसवली. स्टिअरिंगवर मी. माझं वजन आणि पोत्यांचं मिळून बरोबर ब्याण्णव. एवढ्यात अण्णा चहा पिऊन आले.

“हे काय?”

चाचा गॅरेजच्या छताकडं बघायला लागले.

“रज्जाक, काय हाय हे?”

“तुम्हीच हाय,” चाचा म्हणाले. “म्हणजे, तुमचा वरचा भाग.”

अण्णांनी पोत्यांकडं बघितलं, स्वतःच्या पोटाकडं बघितलं आणि आत निघून गेले. मी माळावर जाऊन तांबडी दहा वेळा सोडली. दहाही वेळा ती अशी झकास सुटली की वाळूचं एक पोतं फुटलं. आता गाडीत सगळीकडं वाळू, आणि सिद्धांत मातीत.

मग मी हट्टाला पेटले. अण्णा बसले की इंजिन उपाशी राहतंय ना, मग घालू खायला. घोट वाढवला. अण्णांनी सोडली, आचकली. अजून वाढवला. अजून जोरात आचकली. संध्याकाळपर्यंत तक्त्यातले आकडे दीडपट झाले होते, तांबडी सुटताना मागून काळा धूर टाकत होती, आणि अण्णा बोलायचे बंद झाले होते. अण्णा बोलत होते तोवर मला भीती नव्हती.

शनिवारी सकाळी चाचांनी कुणालाही न विचारता तांबडीचा एक प्लग खोलला आणि माझ्यापुढं धरला. काळाकुट्ट आणि ओला.

“ही उपाशी न्हाई बेटा. हिला अजीर्ण झालंय.”

मी प्लग हातात घेऊन उभीच राहिले. पेट्रोल कमी पडलं तरी इंजिन आचकतं, जास्त झालं तरी आचकतं, आणि दोन्ही आचके शेजारच्या सीटवर अगदी सारखेच लागतात. चार दिवस मी एका भरल्या पोटाला आग्रह करकरून वाढत होते. पण मग तेच आकडे मला कसे चालत होते? मी धावत जाऊन लॅपटॉप उघडला. कॉम्प्युटर सगळ्याची नोंद ठेवतो. पेडल कधी दाबलं, किती दाबलं, त्याची रेघ काढून देतो. आजवर मी गाडी सुटल्यानंतरची रेघ बघत होते. पहिल्यांदाच मी गाडी सुटायच्या आधीची बघितली.

माझी रेघ सरळ सपाट, आणि मग सुटताना एकदम वर. अण्णांच्या रेघेत सुटायच्या आधी दोन टेंगळं होती. प्रत्येक वेळी दोन.

“वायर ढिली असंल,” चाचा म्हणाले.

आम्ही वायर बदलली. दुपारी अण्णांना घेऊन माळावर गेलो. मी लॅपटॉप बंद करून मांडीवर ठेवला, आणि अण्णांना त्यांची आवडती गोष्ट विचारली.

“अण्णा, तुमच्या जीपचा ब्रेक आंबा घाटात गेला होता, तो किस्सा काय होता हो?”

अण्णा खुलले. किस्सा सांगता सांगता एकेकदा गाडी सोडायची, असं चाललं. आणि मी मान वाकडी करून त्यांचा उजवा पाय बघत राहिले. क्लच दाबलेला. तोंडानं आंबा घाट चालू. आणि सुटायच्या क्षणभर आधी उजवा पाय हलकेच, एकदा, दोनदा, पेडल दाबून मोकळा होई. मग तिसऱ्यांदा जोरात. आचका.

“बघितलंस?” अण्णा म्हणाले. “तेवढ्यात समोरनं उसाचा ट्रक!”

दोनदा. परत दोनदा. दर खेपेला दोनदा. माझा कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. पाय हलला की घोट. म्हणजे गाडी सुटायच्या आधीच इंजिनाला दोन जादा घोट, वर सुटतानाचा तिसरा.

“अण्णा,” मी जपून म्हटलं, “सुटायच्या आधी तुम्ही पेडल दाबता का हो?”

“कोण, मी?”

“हलकेच. दोनदा.”

“एकतीस वर्षं गाडी चालवतोय मी,” अण्णा म्हणाले. “आता लेक मला पाय कुठं ठेवायचा ते शिकवणार. मी कशाला दाबीन? लहान पोर हाय का मी?” आणि बोलता बोलताच पाय हलला. एकदा, दोनदा.

गॅरेजवर परत आल्यावर मी चाचांना कोपऱ्यात घेतलं. ते ऐकून घेतल्यावर हसत सुटले. हसता हसता बाकावर बसले.

“दोन नमस्कार!” ते म्हणाले. “अगं, आमच्या टायमाला गाडी शिकलेला ह्या गावातला हरेक माणूस दोन नमस्कार घालतो. कार्बोरेटरला आधी दोनदा पेट्रोल पाजायचं आणि मग सोडायची. थंडीत तर त्याशिवाय गाडी हलायचीच न्हाई. आमच्या वस्तादांनी पट्टीनं मारून शिकवलंय ते. अण्णांच्या डोक्याला म्हायीतच न्हाई, पायाला म्हायीत हाय.”

“मग आता?”

“सांग जा त्यांना.”

“सांगितलं की. ऐकलंत ना काय म्हणाले ते?”

“रेघ दाखव.”

मी नाही दाखवली. कारण मला अण्णा ठाऊक होते. रेघ दाखवली असती तर ते आधी भडकले असते, मग खजील झाले असते, आणि उद्या रेषेवर उभं राहून सगळं लक्ष स्वतःच्या पायावर ठेवून बसले असते. एकतीस वर्षांची सवय एका संध्याकाळात कुठली जायला? आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. मला चारची बस दिसत होती. मला जिंकायचं होतं.

मी लॅपटॉप घेऊन तांबडीत बसले आणि चार दिवस वाढवलेले आकडे कमी करत सुटले. उभ्या गाडीला मिळणारा घोट मी तिसऱ्या हिश्श्यावर आणला. दोन नमस्कारांचे दोन छोटे घोट आणि सुटतानाचा तिसरा मिळून एक पुरता घोट होईल, असा बेत. अण्णांना शिकवता येत नव्हतं, म्हणून मी गाडीला अण्णा शिकवले. हात झरझर चालत होते आणि आत कुठंतरी लाजही वाटत होती, कारण ही लबाडी होती. तरी हात काही थांबला नाही.

ऊन उतरायच्या आत आम्ही परत माळावर गेलो. अण्णांनी सोडली. पाय हलला, एकदा, दोनदा, आणि तांबडी अशी सुटली की चाचांचं डोकं मागच्या काचेला टेकलं.

अण्णांनी ब्रेक मारला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. त्यांनी परत सोडली. परत झकास. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.

“काय केलंस?” अण्णांनी विचारलं.

“आकडे कमी केले.”

“कमी? चार दिवस तर वाढवत होतीस.”

“हो.”

“हं,” अण्णा म्हणाले. त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, “तुम्ही दोघं रिक्षानं जावा. मी गाडी धुऊन लावतो. सगळीकडं वाळू करून ठेवलीया.”

रविवारी कागलच्या माळावर जत्रा लोटली होती. भेळेच्या गाड्या, उसाचा रस, झाडांवर चढलेले लोक. माइकवर जे गृहस्थ होते ते कुस्तीच्या मैदानात बोलणारे. गाड्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण आवाज असा की पलीकडच्या गावात ऐकू जावा.

“आता मैदानात उतरतीया लाल लांगेची गाडी!” ते गरजले. “वस्ताद अण्णासो मगदूम! तालीम उद्यमनगर! वजन विचारू नये!”

तांबडी रेषेवर उभी राहिली. मी दोरीला चिकटून. चाचांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तीन दिवस वळ राहिले. आई घरी माझी बॅग भरून बसली होती. मी तांबडीच्या धुराड्याकडं बघत होते. इंजिनाचा आवाज हलकाच चढला, एकदा, दोनदा. झेंडा पडला.

तांबडी सुटली. आचका नाही, खोकला नाही, नुसता मातीचा लोट. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते मला माहीत नाही. चाचा “या अल्ला, या अल्ला” करत माझ्याच पाठीत गुद्दे घालत होते. माइकवाल्यानं तर ताळतंत्रच सोडलं. “पैलवानानं ढाक मारली! आता कलाजंग! अरे, त्या वळणाला चारी मुंड्या चीत केलं!”

अण्णा त्यांच्या गटात दुसरे आले. एकोणीस वर्षांतला त्यांचा सगळ्यात वरचा नंबर. हेल्मेट काढून ते गाडीतून उतरले आणि भेटेल त्याला मिठी मारत सुटले. भेळवाल्यालाही मारली.

“माझ्या पोरीचा कॉम्प्युटर!” ते सांगत होते. “चार दिवस आचकत होती, हिनं आकडे बदलले आणि सुटली!”

लोक माझ्याकडं बघून हसत होते, माना डोलवत होते. मला आधी गुदगुल्या झाल्या. मग चौथ्या-पाचव्या माणसाला त्यांनी तेच सांगितलं तेव्हा माझं तोंड उतरायला लागलं. त्यांना वाटत होतं गाडीत दोष होता आणि मी तो काढला. खरं तर मी त्यांच्यापासून एक गोष्ट दडवून पैज जिंकली होती. पाटीवर नाव लागणार होतं, पण ते बघताना दर वेळी मला हे आठवणार होतं. मी ठरवलं, आत्ताच सांगायचं.

“अण्णा, एक मिनिट इकडं या. मला—”

“आता महिला गट!” माइक गरजला. “पहिलीच जोड! वस्तादांची लेक, शुभदा अण्णासो मगदूम!”

“हे काय?” मी म्हटलं.

“सकाळीच नाव दिलंय तुझं,” अण्णा म्हणाले आणि स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर दाबलं. ते मला इतकं मोठं होत होतं की आत मान फिरवता येत होती. “जा! गाडी लावणारानं गाडी पळवाय पायजे!”

मला ढकलत गाडीत बसवलं, बेल्ट आवळला, दार लावलं. रेषेवर आले. समोर चुन्याचा रस्ता, दोन्ही बाजूंना दोरीपलीकडं माणसांची भिंत. झेंडा वर गेला. झेंडा पडला. मी क्लच सोडला आणि पेडल दाबलं.

तांबडी दोन हात पुढं झेपावली, खोकली आणि बंद पडली.

“पैलवान गुडघ्यावर आला!” माइकवाले हळहळले.

मी चावी फिरवली. चालू झाली. पेडल दाबलं. खोक, खोक, बंद. लोक हसायला लागले. आणि तेव्हा, डोक्यातल्या गोंधळात, मला आठवलं की ही गाडी मी आता माझ्या पायाची ठेवलेलीच नाही. आठवलं, पण काय करायचं ते सुचेना. हात चावीवर तसाच राहिला. तेवढ्यात माइकच कर्कश किंचाळला, आणि मग माइकवाल्यांचा आवाज लांबून, “अहो, अहो वस्ताद, माइक सोडा!”

“शुभे!” सगळ्या माळावर अण्णांचा आवाज घुमला. “अगं, दोनदा दाब! सुटायच्या आधी दोनदा! माझ्यावानी!”

हेल्मेटच्या आत माझं तोंड उघडंच राहिलं.

“हसू नका रं,” अण्णा माळाला सांगत होते. “गाडीत खोट न्हाई. खोड माझ्या पायाची हाय. एकतीस वर्षं दोनदा दाबतोय मी, आणि मलाच ठाव नव्हतं. पोरीनं गाडी माझ्या पायाला लावलीया! दाब गं शुभे!”

मी चावी फिरवली. दाबलं, एकदा, दोनदा. सोडली.

तांबडी उधळली. पहिलं वळण मी घेतलं की वळणानं मला घेतलं ते सांगता येणार नाही. हेल्मेट डोळ्यांवर येत होतं, मी हसत होते, रडत होते, पायाखाली इंजिन गात होतं. तिसऱ्या वळणाला चुन्याची रेघ सोडून मी उसाच्या रसाच्या गाड्याच्या दिशेनं निघाले होते, तिथून कशीबशी परत आले. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा घड्याळवाल्यानं घड्याळ हलवून बघितलं. सात जणींत माझा नंबर सातवा आला.

अण्णा धावत आले. धापा टाकत खिडकीवर ओणवे झाले.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“काल. तासभर माझ्याशी आंबा घाट बोलत बसलीस, आणि एकदा बी माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाईस. सगळा वेळ पायाकडं. वर दोनदा दाबता का म्हणून इचारलंस; तवा उडवून लावलं, पर डोक्यातनं जाईना. तुम्हाला घालवलं आणि मी बी एकटा बसून बघितलं.” त्यांनी घाम पुसला. “मेला पाय आपल्या आपणच हलतोय गं! मग मुद्दाम न हलवता सोडली, तर आचकली. दोनदा हलवून सोडली, तर सुटली. तवा कळलं पोरीनं काय केलंय.”

“मग काल बोलला का नाही?”

“तू बोललीस?”

मी खाली मान घातली. “आत्ता सांगणार होते. खरंच.”

“मी बी सांगणारच होतो. तुझं नाव देताना एवढंच इसरलो, की तू दोनदा दाबत न्हाईस.”

“आणि मघाशी रेषेवर तुम्ही दाबलं ते?”

“मोजून,” अण्णा म्हणाले. “एक, दोन. आयुष्यात पैल्यांदा मोजून दाबलं.”

चाचा मागून येऊन पोहोचले होते. ते बॉनेटवर हात ठेवून नुसते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“पर एक सांग,” अण्णांनी आवाज गॅरेजवरच्यासारखा केला. “एका माणसाच्या पायाला लावलेली गाडी काय कामाची? उद्या गिऱ्हाइकाची गाडी अशी लावून देणार हायेस?”

“नाही. नीट लावते. कुणीही बसू दे, दोनदा दाबू दे नाहीतर नको दाबू दे, सुटेल अशी.”

“कधी?”

“उद्या सकाळी,” मी म्हटलं. उद्या सोमवार होता.

अण्णांनी माझ्या डोक्यावरचं हेल्मेट ओढून काढलं आणि काखेत मारलं.

“साडेनऊला गॅरेज उघडतं,” ते म्हणाले. “उशिरा आलेली माणसं मला चालत न्हाईत.”